वाचक विचारतात : ग्लोनासचा उपग्रह

प्रश्न : रशियाने लष्करी दिशादर्शक उपग्रह सोडला की बातमीत त्याचं नाव ‘कॉसमॉस’ आणि पुढे आकडा असं येतं. हा ग्लोनासच (रशियाची जीपीएससारखी दिशादर्शक यंत्रणा) का? आणि कक्षेत पोचायला त्याला तासन्‌तास का लागतात?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : दिशादर्शक असेल तर ग्लोनासच. ‘कॉसमॉस’ हे नाव तिथल्या इतर लष्करी उपग्रहांनाही देतात. ग्लोनासचा पहिला उपग्रह १२ ऑक्टोबर १९८२ रोजी सुटला, तोही कॉसमॉस-१४१३ होता.

एकच उपग्रह न्यायचा असेल तर रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून सोयूझ-२.१बी हे रॉकेट सुटतं. त्याचे तिन्ही टप्पे साडेनऊ मिनिटांच्या आतच संपतात. पुढचं सगळं काम ‘फ्रेगात’ या वरच्या टप्प्याचं. त्याचं इंजिन तीनदा पेटतं. पहिल्यांदा उपग्रह पृथ्वीजवळच्या कक्षेत बसतो. दुसऱ्यांदा ती कक्षा ताणून तिचं वरचं टोक १९,१०० किलोमीटरवर नेतात. मग इंजिन बंद, आणि पावणेतीन तासांच्या आसपास नुसती चढण. तुम्ही विचारलेला वेळ जातो तो इथेच. टोकाला पोचल्यावर तिसऱ्यांदा इंजिन पेटवून कक्षा गोल करतात. ते चुकलं तर उपग्रह परत खालीच झेपावेल. उड्डाणानंतर सुमारे साडेतीन तासांनी तो सुटा होतो.

घात होतो तो साध्या गोष्टींनी. डिसेंबर २०१० मध्ये प्रोटॉन या मोठ्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात द्रवरूप ऑक्सिजन दीड टनाहून जास्त भरला गेला. वजन वाढलं, वेग कमी पडला आणि तीन उपग्रह प्रशांत महासागरात गेले. जुलै २०१३ मध्ये तर दुसऱ्या एका प्रोटॉनमध्ये कोनीय वेग मोजणारे तीन संवेदक उलटे बसवले होते. वर कुठली बाजू हे दाखवणारा बाण त्यांच्यावर होता, तरीही! रॉकेट सुटताच डोलू लागलं आणि अर्ध्या मिनिटात कोसळलं. त्यातही तीन उपग्रह होते.

प्रश्न : मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ६५ ते ८८ क्रमांक दिसतात, ते ग्लोनासचे का? रोज त्याच वेळी तोच उपग्रह का नसतो?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हो, त्यातून ६४ वजा करा, उपग्रहाची ताफ्यातली जागा कळते. ६९ म्हणजे पाचवी जागा. (काही अ‍ॅप सरळ १ ते २४ दाखवतात.) तीन प्रतलांत (वेगवेगळ्या दिशांना कललेल्या तीन कक्षांत) प्रत्येकी आठ उपग्रह असतात, एकमेकांपासून ४५ अंशांवर. एक फेरी सव्वाअकरा तासांहून थोडी मोठी, म्हणून दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी पाहाल तर आकाशात त्याच ठिकाणी मागचा शेजारी आलेला असतो. तोच उपग्रह तिथे परत यायला आठ दिवसांना अर्धा तास कमी लागतो.

इंदुरात याचा खरा फायदा उत्तरेला आहे. जीपीएसचे उपग्रह ५५ अक्षांशापर्यंतच जातात, त्यामुळे इथून ठीक उत्तरेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांच्या खाली ते दिसत नाहीत. ग्लोनासचे ६४.८ पर्यंत जातात, म्हणून ते तिथे ३६ अंशांपर्यंत खाली दिसतात. दक्षिणेला उंच इमारत असेल तर मोजणी करताना उत्तरेची बाजू मोकळी ठेवा आणि रिसीव्हरमध्ये ग्लोनास चालू आहे ना, ते आधी बघून घ्या.