बघून कळतं, मग तुकडा कशाला?

प्रश्न : वय ५४. छातीत जळजळ होते म्हणून सहा-सात वर्षं रोज सकाळी पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेते. नुकतीच एंडोस्कोपी झाली. जठराच्या वरच्या भागात ३-४ मिमीचे आठ-दहा पॉलिप (अस्तरावर उगवलेले छोटे उंचवटे) निघाले. डॉक्टर स्क्रीनकडे बघूनच म्हणाले, "साधे दिसतात, काळजी नको." तरी दोन तुकडे तपासायला पाठवलेच. बघून कळत असेल तर तुकडा कशाला? आणि कळत नसेल तर काळजी नको कशावरून?

उत्तर : बरोबर पकडलंत! तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. गुळगुळीत, काचेसारखे चकचकीत, रंग आजूबाजूच्या अस्तराचाच, देठ नाही. हे फंडिक ग्लँड पॉलिप, म्हणजे जठराच्या वरच्या भागातल्या ग्रंथींचे पॉलिप, दिसतात. वर्षानुवर्षं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत ते नेहमी भेटतात. मीही "काळजी नको" म्हणाले असते आणि मीही तुकडा घेतला असता. नजरेला वरचं रूप दिसतं; आत पेशींची मांडणी बिघडली आहे का, हे सूक्ष्मदर्शकालाच विचारावं लागतं.

हाच पॉलिप अँट्रममध्ये, म्हणजे जठराच्या खालच्या भागात, लालभडक आणि वर पांढुरकी साय धरलेला असता, तर मी जुनी सूज आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला असता. जंतू गेला की असे काही पॉलिप आपोआप विरतात. एकटाच, मखमली, खाचाखाचांचा असेल तर अडिनोमाची, म्हणजे ग्रंथीपेशींच्या गाठीची, शंका. तो पुढे कर्करोगाकडे वळू शकतो, म्हणून मुळापासून काढायचा.

काही गाठी अस्तराखाली असतात. वरून सगळं निरोगी, नुसता फुगवटा. पिवळसर असून चिमट्याने दाबल्यावर उशीसारखा खळगा पडला तर बहुधा चरबी. टणक लागला तर 'बायॉप्सी नॉर्मल' एवढ्यावर मी थांबत नाही, कारण चिमट्यात वरचं अस्तरच येतं. मग आतून सोनोग्राफी.

खरं सांगू? उठून दिसणाऱ्या पॉलिपपेक्षा मला चपट्या डागाची धास्ती जास्त. सुरुवातीचा कर्करोग कधीकधी नखाएवढा, जरासा खोलगट, फिकट किंवा लालसर डाग असतो. वर फेस राहिला तर दिसतही नाही. म्हणून मी पाणी मारमारून जठर धुते, मदतनीस वैतागतात. एका रुग्णाच्या जठरात डाग नव्हता, गाठ नव्हती, पण हवा भरली तरी ते फुगेना. पहिले तुकडे निर्दोष आले. मन मानेना, पुन्हा खोलवरचे घेतले, तेव्हा भिंतीत पसरलेला कर्करोग सापडला.

तुमचा रिपोर्ट आला की 'डिस्प्लेझिया' (पेशींची बिघडलेली मांडणी) आहे का आणि जंतू सापडला का, एवढं विचारा. गोळी मनाने बंद करू नका. अजून लागते का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. आणि घरात कुणाला मोठ्या आतड्यात ढिगाने पॉलिप होते का? असतील तर हे डॉक्टरांना आधी सांगा. त्या आनुवंशिक आजारातही जठरात असेच पॉलिप येतात, आणि मग आतडंही बघावं लागेल.