कॉलेजात समलिंगी किंवा ट्रान्स प्राध्यापकाला रोज डावललं जात असेल तर काय करावं?

हा त्रास कागदावर येतच नाही. पीएचडीचे विद्यार्थी गुपचूप दुसऱ्या गाइडकडे जातात, समितीच्या यादीतून नाव गळतं. म्हणून तोंडी निर्णय कळला की त्याच दिवशी विभागप्रमुखांना ईमेल करा: 'आज आपण असं सांगितलंत, कारण लेखी कळवावं.' उत्तर नाही आलं तरी तारखेचा पुरावा राहतो.

ट्रान्स व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यानुसार संस्थेत तक्रार अधिकारी हवाच. २०२० च्या नियमांत चौकशीला १५ दिवस. समलिंगी प्राध्यापकांसाठी असा कायदाच नाही, हा अन्यायच आहे. सरकारी विद्यापीठ असेल तर राज्यघटनेचा आधार घेऊन उच्च न्यायालयात जाता येतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या डॉ. श्रीनिवास सिरस यांना समलिंगी संबंधांवरून निलंबित केलं होतं; त्या निलंबनाला अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१० मध्ये स्थगिती दिली होती.