बंपरचा ओरखडा: आधी नख फिरवून बघ

आधी बंपर शाम्पूने स्वच्छ धू, वाळू दे आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरव. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे; रबिंग कंपाउंड (घासून ओरखडा घालवणारी पेस्ट) आणि मायक्रोफायबर कापडाने काम भागतं. पुष्कळदा तर तो ओरखडा नसतोच, भिंतीचा रंग लागलेला असतो.

नख अडकलं किंवा आतलं काळं प्लास्टिक दिसलं, तरी घाई करू नकोस. प्लास्टिकला गंज चढत नाही, त्यामुळे पावसाळा संपेपर्यंत थांबलास तरी चालेल. दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडू शकतो.

रंग कधीही नावावरून घेऊ नकोस, पांढऱ्यातही कितीतरी छटा असतात. कलर कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते प्रायमरला, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या खालच्या थराला. उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमर हवाच, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. टवका उडालेल्या जागेची कड ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घास, बोटाला पायरी लागेनाशी होईपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्रायमर, रंगाचे पातळ हात आणि शेवटी हार्डनर नसलेला साधा क्लिअर कोट. एकच जाड हात मारलास की ओघळ आलाच.

मेटॅलिक सिल्व्हर असेल तर ठिगळ दिसतंच, तिथे पूर्ण बंपर रंगवून घेणं बरं. आणि हार्डनरवाला (कडक करणारं रसायन मिसळलेला) क्लिअर कोट घरी मारू नकोस. त्यात आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला घातक. ते काम पेंटरकडेच दे.