एका पेशीचा जीव

प्रश्न असा: सहा-सात वर्षांच्या मुलांना अमीबा, पॅरामेशियम समजावताना 'एकपेशीय सूक्ष्मजीव' फार जड जातं. त्याऐवजी 'किडे' किंवा 'जंतू' म्हटलं तर चालेल का?

'किडे' नकोच. किडा म्हटलं की पाय, डोळे, मिशा डोळ्यांपुढे येतात, आणि साध्या मुंगीच्या अंगातही लाखो पेशी असतात. 'जंतू' मुळात वाईट शब्द नाही. जन्मतो तो जंतू. 'जीवजंतू'मध्ये तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. पण आता घरोघरी जंतू म्हणजे हात धुवायचं कारण. शिवाय पोटात होतात ते 'जंत' त्याच शब्दाचे भाऊबंद. ते असतात अनेक पेशींचे, डोळ्यांना दिसणारे, आणि मुलं दोन्हींची हमखास सरमिसळ करतात. विरजणातले जीवाणू, पाव फुगवणारं यीस्ट हे एका पेशीचेच. त्यांची भीती कशाला घालायची?

माझ्या मते समास फोडावा आणि सरळ 'एका पेशीचा जीव' म्हणावं. 'जीव' मुलांच्या कानावरचा आहे. तान्ह्या बाळाला आपण 'एवढासा जीव' म्हणतोच. 'सूक्ष्मजीव' तिसरी-चौथीत येऊ द्या, पण तो याचा पर्याय नव्हे. सूक्ष्म हे आकारमान झालं, एकपेशीय ही घडण. भाकरीवरची बुरशी सूक्ष्मजीवांत मोडते, तरी ती बहुधा अनेक पेशींची असते.

राहिली 'पेशी'. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले आणि त्यांना इंग्रजीतला छोट्या खोलीचा शब्द दिला: 'सेल', म्हणजेच आपली पेशी. मुलांनाही खोलीच सांगावी: आपलं शरीर म्हणजे असंख्य खोल्यांचा वाडा, अमीबा म्हणजे एकच खोली. मात्र लगेच सांगायला हवं की त्या खोलीत कुणी राहत नाही, खोलीच जिवंत आहे. नाहीतर मुलं आतला रहिवासी शोधत बसतात.

नामापेक्षा क्रियापदं जपून निवडावीत, असं मला कळकळीने वाटतं. अमीबाला तोंड नाही, म्हणून 'चावतो' चूक. तो अंगाचाच एक भाग पुढे काढतो, भक्ष्याला दोन्हीकडून वेढतो आणि आत घेतो. 'वेढतो' म्हणताना हातांनी करून दाखवता येतं. पॅरामेशियम जेमतेम पाव मिलिमीटरचा, चपलेच्या तळव्यासारखा. अंगभर बारीक केस हलवत तो गिरक्या घेत पोहतो, अडथळा आला की मागे सरतो आणि दुसऱ्या दिशेने निघतो. त्याला 'पोहतो' अगदी चपखल.

'पिल्लू' मात्र टाळा. अमीबाची पेशी मधोमध दुभंगते आणि एकाचे दोन होतात. त्यात आई कोण, बाळ कोण, हे ठरवताच येत नाही.