मत कोणाला दिलं ते गावाला कळतं का?

प्रश्न: मी मौदा तालुक्यातल्या एका लहान गावात राहते, आमच्याकडे एकच बूथ आहे. कोणतं घर पंजाचं, कोणतं कमळाचं, कोणतं निळ्या झेंड्याचं हे लहान पोट्ट्यालाही माहीत असतं. मागच्या निवडणुकीनंतर एक पुढारी पानठेल्यावर सगळ्यांसमोर बोलून गेला की तुमच्या बूथवरून आम्हाला किती मतं पडली ते माझ्याजवळ लिहून आहे, आता रोड मागायला येऊ नका. तेव्हापासून सासरे म्हणतात आपण जायचंच नाही, म्हणजे कोणाचा राग नाही. मशीनमधून खरंच कळतं का कोणी कोणाला दिलं? – एक वाचक, मौदा

उत्तर: ताई, तो पुढारी आकड्याबद्दल खोटं बोलला नाही, पण त्याने तुम्हाला अर्धंच सांगितलं. प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली याचा तक्ता निकालानंतर निघतो, त्याला फॉर्म 20 म्हणतात, तो कोणालाही पाहता येतो. पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा गरज पडली तर बऱ्याच बूथच्या एकत्र मिसळून मोजता यायच्या, मशीन आल्यावर बूथवार मोजणी सुरू झाली अन् लहान गावं उघडी पडली. चौदा बूथची बेरीज एकदमच दाखवणारं टोटलायझर वापरा असं निवडणूक आयोगानेच 2008 मध्ये सुचवलं, 2015 मध्ये विधी आयोगानेही तेच म्हटलं, पण ते अजून आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण बूथचा आकडा वेगळा अन् तुमचं मत वेगळं. व्हीव्हीपॅट म्हणजे मशीनला जोडलेला चिठ्ठी छापणारा डबा, त्याच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते न डब्यात पडते, तिच्यावर चिन्ह असतं, तुमचं नाव नसतं. आता आत बसलेले पक्षांचे एजंट काय करतात ते आठवा. यादी मांडीवर घेऊन जो येईल त्याच्या नावावर टिक मारतात, दुपारी तीन वाजता बाहेर निरोप येतो की अमक्या घरचे चार बाकी आहेत, गाडी पाठवा. म्हणजे कोण आलं अन् कोण नाही आलं हे त्यांना पक्कं कळतं, बटण कोणतं दाबलं ते कळत नाही. सासऱ्यांना हेच सांगा, घरी बसलं की राग टळतो असं नाही, उलट तेवढंच एक त्यांना दिसतं. अन् जेवढी जास्त घरं मतदान करतील तेवढा त्यांचा अंदाज चुकतो, पन्नासच लोक गेले तर बोटावर मोजता येतात.

घरावर शिक्का असतो म्हणता ते खरं आहे, पण शिक्का कायमचा नसतो. तुमच्याच रामटेक मतदारसंघाने 1984 न 1989 ला आंध्रातल्या नरसिंह रावांना निवडून दिलं, 2014 न 2019 ला शिवसेनेच्या कृपाल तुमानेंना, 2024 ला काँग्रेसच्या श्यामकुमार बर्वेंना. यात गावंही बदलली, घरंही बदलली.

गावात मतदानाचा टक्का कमी दिसतो त्यामागे भीती आहेच, पण यादीही आहे. सासरी गेलेल्या पोरी, बुटीबोरीत न पुण्यात कामाला गेलेले पोट्टे, वारलेले आजोबा, सगळ्यांची नावं तशीच असतात. समजा यादीत 600 नावं आहेत अन् 330 लोकांनी मत दिलं तर 55 टक्के होतात, त्यातले 100 गावात नाहीतच असं धरलं तर तेच 66 होतात. ही नावं काढायला फॉर्म 7, पत्ता बदलायला फॉर्म 8, बीएलओकडे म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे मिळतात. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, तुमच्याकडे धानाची चुरणी चालू असते तेव्हा, त्याचाही फरक पडतो, मजुराला दुपारी सुटी कोण देतो सांगा. कामावरच्या माणसाला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी कायद्याने आहे, हे मालकाला सांगायला घाबरू नका.

आचारसंहितेच्या काळात असं कोणी पुन्हा धमकावलं तर 1950 नंबरवर सांगा, जमलं तर मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा.

अन् रोडचं काम त्या पुढाऱ्याजवळ नका मागू. 26 जानेवारीच्या नाहीतर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला बाजूच्या चार बाया घेऊन जा, ठराव मांडा, तो प्रोसिडिंग बुकात लिहिला जाईपर्यंत उठू नका अन् ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) त्याची नक्कल मागून घ्या.