होडीच्या तळाला खिडकी: काचेआधी विहिरीचं ठरवा

तुम्ही विचारलंय की मालवणजवळ प्रवाळ बघायला आठ फुटी प्लायवूडची होडी बांधताय, तर तळाला काच लावू की अ‍ॅक्रिलिक, आणि चिकटवू कशाने. ते सांगतोच, पण त्याआधी एक आग्रह. खिडकीच्या चारही बाजूंनी आतून प्लायची भिंत उभी करा आणि पूर्ण वजनानिशी पाणी जिथवर चढतं त्याच्या निदान वीतभर वर न्या. पुढे कधी खिडकी फुटलीच, तर पाणी या विहिरीत बाहेरच्या पातळीइतकं चढून थांबतं. होडी थोडी खाली बसते, बुडत नाही. अशी भिंत नसलेल्या होडीत मी कुणाच्या मुलांना बसू देणार नाही. विहीर आतून बिनचकाकीच्या काळ्या रंगाने रंगवा, खालचं जास्त स्पष्ट दिसतं.

आता खिडकी. साधी काच नकोच. वाळूवर ओढायच्या होडीला अ‍ॅक्रिलिकपेक्षा पॉलीकार्बोनेट (हेही पारदर्शक प्लास्टिकच) बरं. त्यावर ओरखडे लवकर पडतात, पण ते सहजी तडकत नाही. दोघं बसल्यावर अशी सपाट होडी साधारण ९ सेंमी पाण्यात जाते, तेव्हा ६० बाय ४० सेंमीच्या खिडकीला खालून जवळजवळ २२ किलोचा रेटा बसतो. म्हणून ती बाहेरच्या बाजूने बसवा, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. तळाचं प्लाय ९ मिमी (आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन प्लायच घ्या), तर शीट ८ मिमी. भोकाच्या कडेने आतून लाकडी चौकट मारा आणि शीट तिच्यावर टेकवा, तळाशी सपाट येईल अशी. आत खोल राहिली तर तिच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना तळाखाली लांब लाकडी पट्ट्या ठोका, वाळूचं घासणं त्या झेलतील.

गळती बहुतेक उन्हामुळे सुरू होते. ६० सेंमीची शीट तीस अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटर वाढते, लाकूड तेवढं वाढत नाही. कडेला ३ मिमी मोकळं सोडा, शीटमधली भोकं स्क्रूपेक्षा २ मिमी मोठी पाडा, चपट्या डोक्याचे ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू वॉशर घालून लावा. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं नको. स्क्रू आधी हलकेच आवळा, सिलिकॉन सुकल्यावर मग नीट. एकदम आवळलंत तर सगळं बाहेर येतं आणि ताण घ्यायला थर उरत नाही. पुसायला थिनर अजिबात वापरू नका.

नंतर होडी दोन लाकडी घोड्यांवर (सुतारी स्टँडवर) ठेवून विहिरीत पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. हा दाब उलट दिशेचा आहे, शीटला चौकटीपासून दूर ढकलणारा. त्यात खालची बाजू कोरडी राहिली तर काळजी नाही.

आणि उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका) लावाच. मासा दिसला की सगळे एकाच बाजूला वाकतात. पाटल्यांखाली फोमचे ठोकळे, अंगावर लाइफ जॅकेट. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा पाण्यात उतरवण्याआधी बंदर कार्यालयात आणि वनखात्याकडे विचारून घ्या. नांगर प्रवाळावर टाकू नका, वाळूचा मोकळा पट्टा बघून टाका.