डोकं रिकामं झालंय, अथर्वशीर्ष म्हणू का?

दसरा जवळ आला की या सदराकडे एकाच तऱ्हेची पत्रं जास्त येतात. कामात लक्ष लागत नाही, नवीन काही सुचत नाही, कुठलं स्तोत्र म्हणू, कुठला जप करू. यंदा त्यातली चार घेतलीयत. पहिल्यावर जास्त लिहिलंय कारण बाकीच्या बऱ्याच जणांनी फिरवून तेच विचारलंय.

प्रश्न : माई, नमस्कार. मी म्हापशाला राहते आणि घरूनच ग्राफिक डिझाइनचं काम करते, हॉटेलांचे मेन्यू, लग्नपत्रिका, इन्स्टाग्रामच्या पोस्ट असलं सगळं. हल्ली डोकं बंद पडल्यासारखं झालंय, लॅपटॉप उघडला की तेच तेच रंग, तेच फॉन्ट, आणि पाच मिनिटांत हात मोबाइलकडे. आई म्हणते रोज अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं कर. करून बघितली पण अर्ध्यावरच चिडचिड व्हायला लागते, मग वाटतं देवाचं पण धड होत नाही आणि कामाचं पण नाही. क्रिएटिव्हिटीसाठी नक्की काय म्हणायचं आणि फोकससाठी काय?

उत्तर : बाय, आई वावगं काही सांगत नाहीय, पण २१ आवर्तनं ही रोजची सुरुवात नव्हे. एक आवर्तन सावकाश, शब्द न खाता म्हटलं तर तीन-चार मिनिटं जातात. फलश्रुती शेवटच्या आवर्तनाला एकदाच म्हणायची असते, ती धरून २१ ला तास-सव्वा तास सहज लागतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नाहीतर संकष्टीला घरातली चार माणसं एकत्र बसून म्हणतात तेव्हा ते फार सुंदर होतं, पण डेडलाइन डोक्यावर असताना एकटीने रोज तेवढं करायला गेलं की तोंड म्हणत राहतं आणि मन क्लायंटच्या मेलमध्ये असतं. चिडचिड त्याचीच आहे, तुझ्या भक्तीत काही कमी नाही.

तेव्हा एकच आवर्तन कर. पण रोज, त्याच वेळी, त्याच जागी बसून, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. हो, दुसऱ्या खोलीतच, सायलेंटवर पालथा टाकून चालत नाही. योगसूत्रात अभ्यास कधी पक्का होतो ते सांगितलंय, बराच काळ केला, खंड न पाडता केला आणि आदराने केला तर. आपण पहिल्या दोन गोष्टींच्या मागे लागतो आणि तिसरी विसरतो, आदर म्हणजे जे करतोय ते पूर्ण मन लावून करणं, उरकणं नव्हे. एक आवर्तन आदराने झालं की तुझ्या २१ ची काळजी मी करत नाही, ती आपोआप कधीतरी होतील.

आणि म्हणताना मन पळालं तर? पळणारच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनीच सांगून ठेवलंय की हे चंचल मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणायचं. पळूच नये असं ते म्हणत नाहीत. अर्जुन तर सरळ म्हणतो की मन आवरणं वारा आवरण्यासारखं कठीण आहे, आणि भगवंत त्याला हो म्हणतात, कठीण आहे खरं, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ताब्यात येतं. म्हणजे "त्वं वाङ्मयस्त्वं चिन्मयः" म्हणताना लग्नपत्रिकेचा सोनेरी रंग आठवला की ओळ परत धरायची, आणि स्वतःवर चिडायचं नाही. हे परत धरणं हीच साधना आहे. तेच पुढे लॅपटॉपसमोर उपयोगी पडतं, हात मोबाइलकडे निघाला की तुझं तुलाच कळायला लागतं आणि तो अर्ध्या वाटेवरून मागे येतो.

आता सुचण्याबद्दल. इथे माझं मत जरा वेगळं आहे, स्तोत्राने मन थाऱ्यावर येतं पण सुचायला हात चालावे लागतात, देवासाठी चालले तर फारच बरं. आपल्या गोंयात हे शिकायला लांब जायला नको. माटोळी बघ ना. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि कुम्याच्या दोराने एकेक वस्तू बांधत जायची, नारळाची पेंड, सुपारीचा घोस, आंबाडे, तोरिंग, रानातली कांगलां, लालभडक कवंडाळं, माटां, घागऱ्यो. बाजारात सगळं मिळतं, म्हापशात चवथीच्या आधी तुझ्या घराजवळच ढीग लागलेले असतील, पण जो स्वतः रानात जाऊन आणतो आणि कशाच्या शेजारी काय शोभेल ते बघत बांधतो त्याचं डोळ्यांचं शिक्षण होतं. हिरव्याच्या शेजारी लाल किती घ्यायचं, जड वस्तू कुठे टांगायची म्हणजे चौकट कलणार नाही, कुठे जागा मोकळी सोडायची. हे तुझंच काम आहे बाय, लेआउटच तो. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, त्यात एकेकाच्या माटोळीत शेकड्यांनी वस्तू असतात आणि काही जण तर त्यातून चित्रंच उभी करतात. देवासाठी केलेल्या त्या कामाला क्लायंट नाही, रिव्हिजन नाही, लाइक नाहीत, म्हणून तिथे हात मोकळा सुटतो.

आता चवथ काय रोज नसते. पण रोज दारात लहानशी रांगोळी घालता येते, ठिपके न काढता, बघून न काढता, मनाला येईल ती. फुलं ओवून हार करता येतो, आज अबोली आणि तुळस, उद्या दुसरं काही. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं आपलं वाद्य, वाजवता येत असेल तर मग विचारूच नको, आरतीला घुमट, शामेळ आणि कासाळें एकत्र चालू झालं की मनात दुसरं काही शिरायला जागाच राहत नाही, आणि ताल मोडला तर सगळ्यांना कळतं म्हणून लक्ष आपसूक तिथेच राहतं. (घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, घोरपड कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा बकरीच्या कातड्याचंच घ्या.)

गोव्यातली मोठी गाणारी माणसं आठव. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ, मंगेशीचेच जितेंद्र अभिषेकी, ज्यांच्या घरात देवाची सेवा आणि वडिलांचं कीर्तन. यांच्या कानावर पहिला सूर देवळातला पडला. कलावंत घराण्यातल्या बायकांना समाजाने कसं वागवलं ते विसरू नये, ती आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण देवळातल्या सेवेत रोज गाणं होतं आणि त्या रोजच्या गाण्यातून केवढी कला उभी राहिली हेही तितकंच खरं.

तेव्हा तुझ्यासाठी एवढंच. सकाळी अंघोळ झाली की समई लावायची, स्केचबुक देवासमोर ठेवायचं, एक अथर्वशीर्ष, मग रांगोळी किंवा हार, आणि ते स्केचबुक देवाकडून प्रसाद घेतल्यासारखं उचलून लॅपटॉप न उघडता त्यात पेन्सिलने काहीही काढायचं. क्लायंटचं नाही, काहीही. लॅपटॉप त्यानंतर. आणि झोप लागत नसेल, खाण्यावरची वासना गेली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नसेल तर डॉक्टरला दाखव, देवाला त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : मी कुंडईला एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते त्यामुळे पूजेला ठरावीक वेळच मिळत नाही. फोंड्याहून कदंबच्या सरकारी बसमध्ये बसलो की नामजप करतो पण घरचे म्हणतात बसमध्ये, बूट घालून, माळ न घेता केलेला जप लागत नाही. कामावर मशीनसमोर मनात नाव घेतलं तर चालेल का?

उत्तर : बसमध्ये बेशक करा. जपाचे तीन प्रकार सांगितलेत, मोठ्याने म्हणायचा वाचिक, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही तो उपांशु, आणि नुसता मनातल्या मनात तो मानस, आणि मनुस्मृतीत या तिन्हीत मानस जपाला सगळ्यात वरचं स्थान दिलंय. गीतेत तर भगवंत म्हणतात की यज्ञांमध्ये मी जपयज्ञ आहे. या यज्ञाला ना वेदी लागते ना समिधा, बूट घातलेत की काढलेत याने काय होणार. माळ मोजण्यासाठी आहे, १०८ मणी, मेरुमणी ओलांडायचा नाही, हे सगळं घरी निवांत बसाल तेव्हा पाळा. बसमध्ये बोटांची पेरं आहेत की.

तुम्ही रोज मंगेशी-म्हार्दोळच्या रस्त्याने जाता ना, तिथे एक गोष्ट मनात आणा. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला आणला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. पोर्तुगीज अमलात लोकांनी आपले देव उचलून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आणले, सुरुवातीला आजच्यासारखं मोठं देऊळ कुठलं असणार, पण पूजा थांबली नाही. तुमची शिफ्ट बदलते म्हणून जप कशाला थांबवायचा? वेळ ठरत नसेल तर प्रसंग ठरवा, बस सुटली की सुरू आणि कारखान्याचं गेट आलं की बंद.

मशीनसमोर मात्र माझं उत्तर नाही असं आहे. चेकिंगचं काम म्हणजे डोळा तिथेच पाहिजे, मनात नाव आणि समोर सुटलेला खराब माल हे बरोबर नाही, आणि हात मशीनजवळ असतील तर धोक्याचं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वतःच्या कर्मानेच त्याची पूजा करून माणसाला सिद्धी मिळते असं आलंय, सावता माळ्याने कांदा-मुळा-भाजीतच विठाई बघितली. शिफ्टच्या सुरुवातीला एकदा हात जोडा आणि मग आठ तास तो तपासायचा मालच तुमचा देव. रात्रपाळीत मधली सुट्टी झाली की पुन्हा जप.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, आर्किटेक्चरला जायचं म्हणतो. ऑनलाइन एकाने सांगितलं की त्याची कल्पनाशक्ती वाढवायला ५१०० रुपयांची खास सरस्वती पूजा आणि एक खडा घ्या, ४० दिवसांत फरक दिसेल. घेऊ का? — डिचोलीची एक आई

उत्तर : नको. दिवस मोजून गुण देणारी सरस्वती कुठल्याच शास्त्रात नाही, आणि तुम्ही पैसे भरायचे, तिसऱ्याने पूजा करायची, आणि सुचायचं मुलाला, हे कसं होणार.

नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचं आवाहन करतात आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन, घरच्या घरी होतं, पंचांगात तारीख बघा. त्याची पुस्तकं, स्केलपट्टी, ड्रॉइंगचे कागद, लॅपटॉपसुद्धा पाटावर मांडायला त्यालाच सांगा. पुस्तकं पूजेला असताना अभ्यास करायचा नाही ही मुलांना सगळ्यात आवडणारी चाल आहे, ती जरूर पाळा, वर्षभर रट्टा मारणाऱ्या पोराला ती सुट्टी हवीच असते. विसर्जन झालं की "सरस्वति नमस्तुभ्यं वरदे कामरूपिणि, विद्यारम्भं करिष्यामि सिद्धिर्भवतु मे सदा" एवढं म्हणून नवा कागद घेऊ दे. पुढेही रोज अभ्यासाला बसताना हा एवढाच श्लोक. ते ५१०० रुपये वाचले त्यात त्याला तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ दाखवून आणा, कदंबांच्या काळातलं दगडी बांधकाम आहे, आर्किटेक्चर करायचं म्हणतोय ना, तिथे बसून खांब आणि छताची कमळं काढू दे.

प्रश्न : मी काणकोणात शिक्षक आहे. आमच्या देवळाच्या उत्सवात दर वर्षी मराठी नाटक होतं, यंदा लिहायची जबाबदारी माझ्यावर. पहिला अंक झाला, दुसरा पुढेच सरकत नाही. देवीला फुलाच्या पाकळ्या लावून, उजवी पडते की डावी ते बघून, प्रसाद (कौल) घेऊ का, की यंदा दुसऱ्याचंच जुनं नाटक बसवावं?

उत्तर : सर, प्रसाद घेण्याला माझा विरोध नाही, आपल्याकडे लग्नापासून घराच्या पायापर्यंत कौल लावूनच पाऊल टाकतात. पण तो मनापासून दोन्ही वाटा चालायची तयारी असेल तेव्हा. तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्हाला लिहायचंच आहे, फक्त भीती वाटतेय. मग उजवी पाकळी पडली तर ठीक, डावी पडली तर तुम्ही कायमचे मनात कुढत बसाल. देवीकडे उत्तर मागू नका, बळ मागा. पुजाऱ्याकडून गाऱ्हाणं घालून घ्या आणि त्यात मोघम काही नको, स्पष्ट सांगा की दुसरा अंक अडलाय, अमुक दिवशी तालमी सुरू व्हायच्यात, तोवर तो पुरा करून घे. चारचौघांत एकदा असं बोललं गेलं की माणूस लिहायला बसतोच.

आणि बसाल तेव्हा आधी ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय उघडा, सुरुवातीच्या ओव्या. माउलींनी तिथे गणपतीचं रूप अख्ख्या वाङ्मयाचं करून उभं केलंय, पुराणं त्याचे दागिने, शब्दांची सुंदर रचना त्याचं रंगीत वस्त्र, आणि काव्य-नाटकं म्हणजे त्याच्या कमरेच्या रुणझुणणाऱ्या घागऱ्या. तुमचं नाटक त्या कमरपट्ट्यातली एक लहानशी घागरी आहे असं समजून लिहा, मग ते फार मोठं व्हायचं ओझं राहणार नाही. रोज एक प्रवेश, चांगला होवो न होवो. तुकोबा असाध्य ते साध्य करायला सायास आणि अभ्यासच सांगतात.

अर्धा अंक झाला की नट मंडळींना तो देवळाच्या सभामंडपात संध्याकाळच्या आरतीनंतर वाचून दाखवा. कुठे कंटाळतात, कुठे हसतात ते बघा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे लिहा. तालमींची तारीख मात्र पुढे ढकलू नका.